राजकन्यांचे दागिने लिलावात कसे गेले, हेही छापावे

माननीय संपादक,

सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत राजकन्यांच्या आयुष्यावर आलेला सचित्र लेख वाचला. छपाई देखणी होती आणि मजकूरही रंजक होता; परंतु दोन पानांपैकी बहुतेक जागा हिऱ्यांचे हार, शिफॉनच्या साड्या, शिकारीची छायाचित्रे आणि कोणाचे सूत कोणत्या राजपुत्राशी जुळले होते, या माहितीने व्यापलेली होती. राजकन्येचे आयुष्य म्हणजे दागिने आणि लग्न, हा समज आपल्याकडे आधीच पक्का आहे, आणि अशा लेखांनी तो अधिक पक्का होतो. दागिन्यांविषयी लिहू नये, असे माझे मुळीच म्हणणे नाही. उलट ते पुरतेपणी लिहावे. तो हार कोणी जप्त केला, कोणत्या खटल्यात केला, कोणत्या गावच्या सभागृहात त्याचा लिलाव पुकारला गेला आणि एवढे होऊनही त्या बाईने सरकारला दमडी का दिली नाही, हेही वाचकांपर्यंत पोहोचावे, एवढीच माझी विनंती आहे. यासाठी एकाच घराण्यातल्या तीन बहिणींची हकीकत येथे मांडते. पंजाबचे शेवटचे महाराज दुलीपसिंग यांच्या या मुली. त्यांच्या घराण्याचा एक धागा आमच्या नाशिकच्या गोदाकाठापर्यंत येतो, म्हणून माझा त्यांच्याकडे थोडा अधिक ओढा आहे, हे आधीच सांगून टाकते.

या मुली समजून घ्यायच्या तर त्यांच्या आजीपासून सुरुवात करावी लागते. महाराजा रणजितसिंग १८३९ मध्ये वारले आणि पुढच्या चार वर्षांत लाहोरच्या गादीवर एकामागून एक वारस बसले आणि मारले गेले. १८४३ मध्ये पाच वर्षांच्या दुलीपसिंगाला गादीवर बसवण्यात आले आणि त्याची आई राणी जिंदन कारभार पाहू लागल्या. जिंदन काही राजघराण्यातल्या नव्हत्या. त्यांचे वडील दरबारातल्या शिकारी कुत्र्यांची व्यवस्था पाहणारे होते. पडदा बाजूला सारून त्या दरबारात बसत आणि सैन्याशी स्वतः बोलत. पहिल्या इंग्रज-शीख युद्धानंतर इंग्रजांनी आधी त्यांचे अधिकार काढून घेतले, मग मुलाला त्यांच्यापासून तोडले, त्यांना शेखूपुऱ्याच्या किल्ल्यात ठेवले आणि पुढे पंजाबच्या बाहेर बनारसला धाडले. १८४९ च्या एप्रिलमध्ये चुनारच्या किल्ल्यातून त्या दासीच्या वेषात निसटल्या आणि नेपाळमध्ये पोहोचल्या. त्याच्या काही दिवस आधी, २९ मार्च १८४९ रोजी, पंजाब खालसा झाला होता आणि दहा वर्षांच्या दुलीपसिंगाने ज्या कागदावर सही केली, त्यात राज्याबरोबर कोहिनूरही व्हिक्टोरिया राणीला देऊन टाकला होता. दहा वर्षांच्या मुलाने केलेल्या सहीला ‘तह’ म्हणायचे की आणखी काही, हे ज्याचे त्याने ठरवावे.

आई आणि मुलगा पुन्हा भेटले ते १८६१ मध्ये, कलकत्त्यात. तोवर दुलीपसिंग ख्रिस्ती झाला होता, इंग्लंडात राहू लागला होता; जिंदन यांची दृष्टी जवळजवळ गेली होती. मुलगा त्यांना लंडनला घेऊन गेला आणि १ ऑगस्ट १८६३ रोजी त्या तिथेच वारल्या. इंग्लंडात त्या काळी दहनाची सोय नव्हती. त्यामुळे त्यांचे शव काही महिने केन्सल ग्रीनच्या दफनभूमीत ठेवावे लागले, आणि १८६४ मध्ये दुलीपसिंग ते घेऊन मुंबईस आला. त्याला पंजाबात जाण्याची परवानगी नव्हती. रणजितसिंगांच्या राणीची राख रावीकाठी जाऊ शकली नाही, ती गोदावरीकाठी आली. नाशिकला त्यांची लहानशी समाधी बांधण्यात आली आणि पुढे अनेक वर्षे कपूरथळा संस्थानाने तिची देखभाल केली. आईची ही शेवटची यात्रा पार पाडणाऱ्या दुलीपसिंगाला याच प्रवासात कैरोच्या मिशनरी शाळेत बांबा म्युलर ही तरुणी भेटली. तिचे वडील जर्मन सावकार आणि आई ॲबिसिनियाची. १८६४ च्या जूनमध्ये अलेक्झांड्रिया येथे दोघांचे लग्न झाले. मी ज्यांच्याविषयी लिहिते आहे त्या तिघी, म्हणजे बांबा, कॅथरिन आणि सोफिया, या लग्नातून झालेल्या मुली. आजीची राख नाशिकला यायची नसती, तर त्यांचा जन्मच झाला नसता.

मुलींचे बालपण सफोक परगण्यातल्या एल्वेडन या प्रशस्त वाड्यात गेले. बाहेरून पाहणाऱ्याला तेथे ऐश्वर्यच दिसले असते. प्रत्यक्षात वडील कर्जात बुडत चालले होते, तनख्यावरून इंडिया ऑफिसशी, म्हणजे हिंदुस्थानचा कारभार पाहणाऱ्या लंडनच्या सरकारी खात्याशी, त्यांचा वाद विकोपाला गेला होता, आणि १८८६ मध्ये बायकामुलांना घेऊन ते हिंदुस्थानकडे निघाले तेव्हा सरकारने त्यांना एडनलाच अडवले. तेथे त्यांनी पुन्हा शीख धर्म स्वीकारला. कुटुंब इंग्लंडला परतले आणि ते स्वतः पॅरिसला गेले. पुढच्याच वर्षी सोफियाला विषमज्वर झाला. ती वाचली, पण तिच्या उशाशी बसलेली आई त्याच तापाने गेली. वडील १८९३ मध्ये पॅरिसमध्ये वारले. या पोरक्या मुलींचे पालकत्व, शिक्षण आणि राहणे ठरवणारे सरकार तेच होते, ज्याने त्यांच्या वडिलांचे राज्य घेतले होते, आणि सोफियाची धर्ममाता खुद्द व्हिक्टोरिया राणी होती. उपकार आणि पाळत ही दोन्ही कामे एकाच खात्याकडे असली म्हणजे माणसाचे आयुष्य कसे होते, हे या तिघींच्या चरित्रांत पाहावयास मिळते.

राणीने १८९६ मध्ये या बहिणींना हॅम्प्टन कोर्ट राजवाड्यासमोरचे फॅरडे हाउस राहायला दिले. त्या काळातली सोफिया आपल्या पुरवणीला अगदी शोभली असती. पॅरिसचे पोशाख, दरबारातले नृत्यसमारंभ, सायकलीवर बसलेली छायाचित्रे, प्रदर्शनांत बक्षिसे मिळवणारी उंची जातीची कुत्री. (पणजोबा लाहोर दरबारातल्या कुत्र्यांची देखभाल करत, आणि पणतीवर पुढे कुत्र्यांच्याच परवान्यावरून खटला भरला गेला, हा योगायोग मला दर वेळी गमतीचा वाटतो.) ही सोफिया बदलली ती हिंदुस्थानात आल्यावर. १९०३ च्या दिल्ली दरबारात या बहिणींची कोणी दखलही घेतली नव्हती. १९०६-०७ मध्ये ती पुन्हा आली, लाहोरला थोरल्या बहिणीकडे राहिली, आणि तेथे तिची लाला लजपतराय आणि आपले गोपाळ कृष्ण गोखले यांच्याशी भेट झाली. काही महिन्यांतच लजपतरायांना मंडालेला हद्दपार करण्यात आले. लाहोरमध्ये वाढलेला असंतोष, आजोबांच्या राजधानीत परक्यासारखे वावरणे आणि मागे लागलेली सरकारी पाळत, एवढे पाहून जी बाई इंग्लंडला परतली, तिला प्रदर्शनातल्या बक्षिसांत फारसा रस उरला नव्हता.

१९०९ मध्ये सोफिया स्त्रियांच्या मताधिकारासाठी झगडणाऱ्या एमलिन पँकहर्स्ट यांच्या संघटनेत सामील झाली. १८ नोव्हेंबर १९१० रोजी सुमारे तीनशे स्त्रिया लंडनच्या कॅक्स्टन हॉलमधून पार्लमेंटकडे निघाल्या, तेव्हा पहिल्या तुकडीत पँकहर्स्ट, वयाची सत्तरी ओलांडलेल्या डॉक्टर एलिझाबेथ गॅरेट अँडरसन आणि शास्त्रज्ञ हर्था आयर्टन यांच्याबरोबर सोफियाही होती. पार्लमेंटच्या दारात त्यांना अडवण्यात आले आणि मागून येणाऱ्या स्त्रियांना पोलिसांनी कित्येक तास मारहाण केली, फरफटवले, लज्जास्पद वागणूक दिली. तो दिवस इंग्लंडच्या इतिहासात ‘काळा शुक्रवार’ म्हणून नोंदला गेला. एका स्त्रीला पुनःपुन्हा जमिनीवर आपटणाऱ्या शिपायाच्या आड सोफिया गेली, गर्दीत त्याचा पाठलाग करून तिने त्याचा बिल्ला क्रमांक टिपला, आणि त्यानंतर गृहखात्याकडे तक्रारींचा पिच्छा पुरवला. गृहमंत्री होते विन्स्टन चर्चिल. या बाईला आणखी उत्तरे पाठवू नयेत, असा शेरा शेवटी फायलीवर पडला. पुढच्या वर्षी पंतप्रधान ॲस्क्विथ यांच्या मोटारीपुढे मताधिकाराचा फलक घेऊन तिने धाव घेतली. त्याच १९११ च्या जनगणनेत तिने अर्ज भरण्यास नकार दिला आणि स्त्रियांची गणती कोणी करत नसेल तर त्याही मोजून घेण्यास तयार नाहीत, अशा आशयाचा मजकूर कोऱ्या रकान्यांवर आडवा लिहून तो परत केला.

आता दागिन्यांकडे येते. इंग्लंडात त्या काळी कुत्रा पाळायचा, घोडागाडी ठेवायची, पुरुष नोकर ठेवायचा किंवा गाडीवर घराण्याचे चिन्ह मिरवायचे, तर दरवर्षी परवाना काढून पैसे भरावे लागत. ‘मत नाही तर कर नाही’ असे म्हणणाऱ्या स्त्रियांची एक स्वतंत्र संघटना १९०९ मध्ये उभी राहिली होती आणि सोफिया तिच्यात होती. संघटनेची कार्यपद्धती मोठी चतुर होती. सभासदांनी कर द्यायचा नाही. कोर्टात गेल्यावर तेथे भाषण करायचे. दंडही भरायचा नाही. मग बेलिफाने घरातली वस्तू जप्त केली की तिच्या लिलावाच्या ठिकाणी सर्वांनी जमायचे, सभा घ्यायची, आणि मैत्रिणींनी बोली लावून ती वस्तू मालकिणीला परत करायची. सरकारला पैसे मिळत, परंतु त्यासाठी त्याला स्वतःच्या खर्चाने विरोधकांच्या सभेची सोय करून द्यावी लागे.

१९११ च्या मे महिन्यात पाच कुत्री, एक नोकर आणि गाडी यांच्या परवान्यांवरून सोफियाला तीन पौंड दंड झाला. जुलैमध्ये सहा शिलिंगांच्या थकबाकीसाठी तिची सात हिऱ्यांची अंगठी उचलून नेली गेली आणि ॲशफर्ड येथे लिलावात निघाली. एका सहकारी स्त्रीने ती दहा पौंडांना घेऊन तिच्या हाती परत दिली. सहा शिलिंगांसाठी सात हिरे! वसुलीचा हा हिशेब पाहिला की सरकारला पैशांपेक्षा धाक अधिक महत्त्वाचा होता, हे कळते. १९१३ च्या डिसेंबरात फेल्टमच्या कोर्टात तिला पुन्हा उभे करण्यात आले आणि साडेबारा पौंड दंड ठोठावण्यात आला. ज्या राज्याच्या खर्चावर आपले कसलेही नियंत्रण नाही त्याला पैसे देणे आपल्या सदसद्विवेकाला पटत नाही, आणि प्रतिनिधी निवडण्यास आपण पात्र नसू तर कर भरण्यास तरी पात्र कशा, असे तिने न्यायाधीशांना विचारले. दंड तिने भरला नाहीच. या वेळी १३१ मोत्यांचा हार आणि मोती-हिरे जडवलेले सोन्याचे कडे जप्त झाले, ट्विकनहॅमच्या नगरभवनात त्यांचा लिलाव झाला, आणि तेही संघटनेच्या स्त्रियांनीच विकत घेतले. आपल्या लेखात राजकन्यांच्या हारांची जी वर्णने आहेत, त्यांत या १३१ मोत्यांना स्थान मिळायला काय हरकत होती?

सोफियाला संत ठरवण्याचा माझा हेतू नाही. ती हे सारे करू शकली त्याचे एक कारण तिचे नाव आणि घराणे हेही होते. पार्लमेंटसमोर धडका देणाऱ्या शेकडो स्त्रिया तुरुंगात गेल्या, उपोषण केल्यावर नाकातोंडात नळ्या घालून त्यांना बळजबरीने अन्न भरवण्यात आले. सोफियाला मात्र तुरुंगात टाकण्याचे धाडस सरकारने केले नाही. महाराजा रणजितसिंगांची नात कैदेत आहे, ही बातमी पंजाबात पोहोचणे त्याला परवडणारे नव्हते. हा पंक्तिप्रपंच किती उघड होता, हे तिच्याच एका सहकारी स्त्रीने सिद्ध केले होते. हिंदुस्थानचे व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांची मुलगी कॉन्स्टन्स हिला १९०९ मध्ये हृदय दुबळे म्हणून सोडून देण्यात आले. १९१० मध्ये तीच शिवणकाम करणारी गरीब बाई म्हणून खोट्या नावाने लिव्हरपूलच्या तुरुंगात गेली, तेव्हा कोणी तिचे हृदय धड तपासलेही नाही आणि आठ वेळा तिला नळीने अन्न भरवले गेले. सोफियाला मिळालेली सवलत या पार्श्वभूमीवर पाहावी लागते. पण त्या सवलतीचा तिने काय उपयोग केला, हेही पाहावे लागते. १९१३ मध्ये ती हॅम्प्टन कोर्टच्या राजवाड्याबाहेर, म्हणजे राजाच्या मेहेरबानीने मिळालेल्या घरासमोरच, चळवळीचे वृत्तपत्र विकत उभी राहिली. तिचे ते छायाचित्र प्रसिद्ध झाले, तेव्हा या बाईला आवर घालण्याचा काही उपाय आपल्या हाती नाही काय, अशी विचारणा दरबारी पत्रव्यवहारात झाली. तिला घराबाहेर काढण्याचा विचारही झाला. तो अमलात आला नाही.

महायुद्ध सुरू झाल्यावर तिने परिचारिकेचा गणवेश चढवला आणि ब्रायटनच्या इस्पितळात आणलेल्या जखमी हिंदी सैनिकांची शुश्रूषा केली. रणजितसिंगांची नात आपल्या खाटेशेजारी बसली आहे, यावर काही शीख शिपायांचा विश्वास बसेना. १९१८ मध्ये तिशीवरच्या, मालमत्तेची अट पूर्ण करणाऱ्या स्त्रियांना आणि १९२८ मध्ये पुरुषांच्या बरोबरीने सर्व स्त्रियांना मताधिकार मिळाला. नंतर एका चरित्रकोशात स्वतःच्या आवडींची नोंद करताना तिने ‘स्त्रियांची उन्नती’ एवढेच लिहिले. २२ ऑगस्ट १९४८ रोजी ती वारली. तिच्या इच्छेप्रमाणे शीख पद्धतीने तिचे दहन झाले.

मधली बहीण कॅथरिन हिची कथा अगदी निराळी आणि माझ्या मते तितकीच थोर आहे. तिच्याविषयी फारसे कोणी लिहीत नाही. बांबा आणि कॅथरिन या दोघी ऑक्सफर्डच्या सोमरव्हिल महाविद्यालयात शिकल्या. कॅथरिनचा जीव जडला तो आपल्या जर्मन शिक्षिकेवर, लीना शेफर यांच्यावर, आणि आयुष्याची अनेक वर्षे ती त्यांच्याबरोबर जर्मनीतल्या कासेल या गावी राहिली. पहिले महायुद्धही तिने शत्रुराष्ट्राची नागरिक म्हणून तिथेच काढले. लग्न केले नाही. हिटलर सत्तेवर आल्यावर एका सावळ्या, अविवाहित, परदेशी स्त्रीला ते गाव किती असुरक्षित झाले असेल, याची कल्पना करता येते. तरी लीना जिवंत होत्या तोवर तिने कासेल सोडले नाही. त्यांच्या मृत्यूनंतर, १९३७ मध्ये, ती इंग्लंडला आली आणि जर्मनीत अडकलेल्या ज्यू कुटुंबांना इंग्लंडात प्रवेश मिळावा म्हणून हमीपत्रे देऊ लागली, त्यांना आपल्या घरात आसरा देऊ लागली. १९४२ मध्ये ती गेली. आपल्या राखेचा चौथा भाग कासेलला लीना शेफर यांच्या शवपेटीच्या जवळात जवळ पुरावा, असे तिने मृत्युपत्रात लिहून ठेवले होते.

या कॅथरिनचे नाव जगभरच्या वृत्तपत्रांत आले, ते कधी आणि कशासाठी? १९९७ मध्ये स्विस बँकांनी बेवारस खात्यांची यादी जाहीर केली, तीत तिचे नाव निघाले. आणि लगेच लाहोरचा खजिना, कोहिनूरच्या जोडीची रत्ने, अशा चर्चांना ऊत आला. वारसदार म्हणून पुढे येणाऱ्यांची रांग लागली. तिने वाचवलेल्या माणसांची विचारपूस त्या वेळी कोणी केल्याचे माझ्या वाचनात नाही. आपल्या पुरवणीच्या लेखावर माझा जो आक्षेप आहे, तो याहून वेगळा नाही.

थोरली बांबा वैद्यकीय शिक्षणासाठी अमेरिकेत शिकागोला गेली होती. परंतु स्त्रियांसाठीचे ते वैद्यकीय महाविद्यालय १९०२ मध्ये बंद पडले आणि तिचे शिक्षण अर्धवट राहिले. पुढे ती लाहोरला जाऊन राहिली आणि १९१५ मध्ये तेथील वैद्यकीय महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. सदरलँड यांच्याशी तिने लग्न केले. आपण पंजाबच्या न्याय्य राणी आहोत, हे तिने मरेपर्यंत सोडले नाही. हा हट्ट मला थोडा केविलवाणा वाटतो. ज्या प्रजेची ती राणी म्हणवत होती, तिने तोवर आपले निराळे पुढारी निवडले होते. पण याच हट्टातून तिने एक मोठे काम केले. १९२४ मध्ये आजीची राख तिने नाशिकहून लाहोरला नेली आणि रणजितसिंगांच्या समाधीजवळ ठेवली. जे दुलीपसिंगाला साठ वर्षांपूर्वी करू दिले गेले नाही, ते त्याच्या मुलीने पुरे केले. १९४७ मध्ये फाळणी झाली तरी ती लाहोरमध्येच राहिली, १९५७ मध्ये तिथेच वारली आणि तिथल्या ख्रिस्ती दफनभूमीत तिला मूठमाती मिळाली. तिच्याकडची चित्रे आणि वस्तू आज लाहोरच्या किल्ल्यात तिच्याच नावाने जतन केलेल्या आहेत.

ही परमुलखातली उदाहरणे झाली, असे कोणी म्हणेल, म्हणून आपल्या लेखातल्याच एका नावाकडे वळते. बडोद्याच्या इंदिराराजे गायकवाड यांना आपण शिफॉनच्या साड्यांसाठी आणि इटलीहून मागवलेल्या पादत्राणांसाठी अर्धे पान दिले आहे. ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांशी ठरलेले लग्न त्यांनी मोडले आणि १९१३ मध्ये लंडनला कूचबिहारच्या जितेंद्र नारायण यांच्याशी केले, हेही त्यात आहे. मात्र पती १९२२ मध्ये वारल्यावर, पदरी पाच मुले असताना, भाषा आणि रीतीभाती सर्वस्वी निराळ्या असलेल्या त्या बंगाली संस्थानाचा कारभार अज्ञान मुलाच्या वतीने त्यांनी १९३६ पर्यंत पाहिला, याला एक ओळ मिळाली आहे. त्यांच्या आई चिमणाबाई यांचा तर उल्लेखच नाही. अखिल भारतीय महिला परिषदेचे पहिले अधिवेशन १९२७ च्या जानेवारीत पुण्यात भरले, तेव्हा अध्यक्षस्थानी चिमणाबाई होत्या. सयाजीरावांचे जन्मगाव कवळाणे आमच्याच जिल्ह्यातले, त्यामुळे ही उणीव मला जरा अधिकच खटकली असेल.

यावर आपले संपादकीय सहकारी कदाचित म्हणतील की रविवारी सकाळी वाचकाला कोर्टाचे दंड आणि जनगणनेचे अर्ज कशाला वाचायला द्यायचे. मी अनेक वर्षे शाळेत इतिहास शिकवला आहे. रत्नांच्या कॅरेटचे आकडे मुलांच्या ध्यानात राहत नाहीत. पोलिसाचा बिल्ला क्रमांक मिळवण्यासाठी गर्दीतून धावलेली राजकन्या मात्र त्यांना वर्षानंतरही आठवते. रंजकता कोठे असते, याविषयी आपल्या सहकाऱ्यांचा आणि माझा मतभेद असू शकतो. पण एकदा प्रयोग करून पाहायला हरकत नसावी. चांदबीबी, जहाँआरा, कपूरथळ्याच्या घराण्यातल्या आणि स्वतंत्र भारताच्या पहिल्या आरोग्यमंत्री झालेल्या राजकुमारी अमृत कौर, अशी कितीतरी नावे त्यासाठी हाताशी आहेत.

शेवटी नाशिक आवृत्तीसाठी एक स्वतंत्र विनंती. राणी जिंदन यांची समाधी १९२४ पर्यंत येथे गोदाकाठी होती. सिंहस्थाच्या निमित्ताने घाटांची माहिती देणारे मजकूर आपण नेहमी छापता. त्यात या समाधीचाही समावेश व्हावा. त्यासाठी आपल्या पत्रातून वाचकांना आवाहन केल्यास बरे होईल. पंचवटीतल्या जुन्या घरांत १९२४ पूर्वीची घाटाची छायाचित्रे असतील, नगरपालिकेच्या दप्तरात नकाशे असतील, आणि तीर्थपुरोहितांच्या वह्यांत कदाचित १८६४ च्या सुमाराची किंवा बांबा राख न्यायला आली त्या वर्षाची एखादी नोंद असेल. ज्यांच्याकडे असे काही आहे त्यांनी ते आपल्या नाशिक कार्यालयाकडे पाठवावे. आलेले साहित्य लावून, तपासून घेण्याच्या कामात मी आणि माझ्या दोन निवृत्त सहकारी शिक्षिका विनामूल्य मदत करण्यास तयार आहोत.

कळावे, लोभ असावा.

आपली नम्र,
एक निवृत्त इतिहास शिक्षिका,
पंचवटी, नाशिक